ईयोबाचे मधले अध्याय

आमच्या मंडळीत साक्ष द्यायची एक ठरलेली रीत आहे. आधी मी अंधारात होते, मग प्रभूनं हात दिला, आता मी आनंदात आहे. उभं राहायचं, वचन म्हणायचं, थोडक्यात सांगायचं आणि खाली बसायचं. अशा साक्षी मी पुष्कळ दिल्या आणि त्यांतली एकही खोटी नव्हती. पण त्यांत कधीच न आलेलं असं बरंच काही आहे. ते आता लिहिलं नाही तर माझ्यामागं माझ्या विद्यार्थ्यांना वाटेल की बाईंना कधी प्रश्नच पडले नाहीत. प्रश्न पडत होते. मी ते दाबत होते. स्वतःचे दाबले तोवर नुकसान माझ्या एकटीचं होतं. दुसऱ्यांचे दाबायला लागले तेव्हा माणसं दुखावली, आणि त्यांतली काही मंडळीपासून कायमची तुटली.

मी नगर जिल्ह्यातली, राहुरी-श्रीरामपूरच्या पट्ट्यातली. आमचं घराणं पाच पिढ्यांचं ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत मास्तर होते. संध्याकाळची प्रार्थना झाल्याशिवाय आमच्या घरात ताटं वाढली जात नसत. कवी ना. वा. टिळकांची गीतं मला अक्षरओळख होण्याआधी पाठ होती. पुढं जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली आणि दर रविवारी उपासनेआधी संडे स्कूल घेतलं. विश्वास मला असा आयता मिळाला. तो मी जिवापाड जपला, पण उलटून पाहिला नाही. जपणं म्हणजे त्याला वारा लागू न देणं, अशी माझी समजूत होती.

पहिल्यांदा अक्काचं सांगते, कारण ते सगळ्यांत जड आहे.

अक्का माझी मावसबहीण, माझ्याहून मोठी. तिचा मुलगा पुण्याला इंजिनिअरिंगला होता. दुसऱ्या वर्षाला असताना त्याला ब्लड कॅन्सर निघाला. उपचार झाले, केमो झाली, मधे थोडे दिवस बरे गेले आणि मग आजार उलटला. आम्ही साखळी प्रार्थना लावली होती, उपास धरले होते, आणि या सगळ्याची पुढारी मी होते. याकोबाच्या पत्रातलं आजाऱ्यासाठी करायच्या प्रार्थनेचं वचन आणि मार्कातलं मागितलेलं मिळाल्याचा विश्वास धरण्याबद्दलचं वचन मी मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्या खाटेच्या उशाशी चिकटवलं होतं. डॉक्टरांनी अक्काला केबिनमध्ये बोलावलं आणि सांगितलं की आता घरी घेऊन जा, त्याला आवडेल ते खायला द्या. ती बाहेर आली ती भिंत धरून. मी तिला सावरलं आणि तिथंच, त्या व्हरांड्यात, म्हणाले, "अक्का, हा माणसाचा अहवाल झाला. प्रभूचा अहवाल वेगळा आहे. आजपासून घरात मरणाची भाषा नको."

तिनं माझं ऐकलं. ती मला मानत होती, मी शिकलेली, शास्त्र शिकवणारी. त्यानंतर त्या घरात जे काही दिवस गेले त्यांत कुणीही त्या मुलाशी खरं बोललं नाही. एका संध्याकाळी मी तिथं असताना त्यानं विचारलं, "आई, मी यातून उठत नाही ना?" अक्कानं माझ्याकडं पाहिलं. मी मानेनंच नाही म्हणाले. मग ती त्याला म्हणाली, "असं अविश्वासाचं बोलू नये रे." तो "बरं" म्हणाला. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. आम्ही येशूच्या नावानं आजाराला हुकूम सोडत राहिलो, आणि तो डोळे मिटून आमच्यासाठी आमेन म्हणत राहिला. आजही मला ते तसंच आठवतं. आमेन तो आमच्यासाठी म्हणत होता.

तो गेला. मातीनंतर काही दिवसांनी मी अक्काकडं गेले तेव्हा ती सुपात तूरडाळ निवडत होती. मला वाटत होतं की काहीतरी समजावून सांगायला हवं. एवढ्या प्रार्थना फुकट गेल्या असं कुणाला वाटू नये. मी म्हणाले, "कुठंतरी विश्वास उणा पडला असेल गं." तिचा हात थांबला. वर न बघता तिनं विचारलं, "कुणाचा? त्याचा का माझा?"

मी म्हणाले, "आपल्या सगळ्यांचाच." आणि लगेच प्रार्थनेला सुरुवात केली, म्हणजे तिला पुढं बोलता येऊ नये.

नंतर त्याची पुस्तकं आवरताना तिला वहीच्या शेवटच्या पानावर एक यादी सापडली. मेसचे राहिलेले पैसे, एका मित्राकडून घेतलेले दोनशे, लायब्ररीचं एक पुस्तक आणि ते कुणाच्या खोलीवर आहे ते, आणि सर्वांत खाली, मोबाईलचा लॉक उघडायचा नंबर. अक्षर शेवटच्या दिवसांतलं, वाकडंतिकडं झालेलं. त्याला माहीत होतं. आईला हे त्याला तोंडानं सांगता आलं असतं, पण त्या घरात तसं बोलायला बंदी होती, आणि ती बंदी मी घातली होती.

या प्रसंगानंतर मी विश्वास सोडला असं नाही. उलट मी आणखी कडक झाले. प्रश्न आत आला की तो सैतानाकडून आला असं धरून चालायचं, ही माझी पद्धत होती. कित्येक वर्षांनी, नोकरीतून मोकळी झाल्यावर, ईयोबाचं पुस्तक मी सलग वाचलं. तोवर मी ते असंख्य वेळा शिकवलं होतं. पण शिकवलं होतं ते पहिले दोन अध्याय आणि शेवटचा. ईयोब श्रीमंत होता, त्याचं सगळं गेलं, त्यानं देवाला दोष दिला नाही, देवानं त्याला दुप्पट दिलं. मुलांना ही गोष्ट आवडते, फळ्यावर गुरं-मेंढरं काढता येतात. मधले अध्याय मी वगळत आले होते, आणि ते थोडेथोडके नाहीत. त्या सगळ्या अध्यायांत हाच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, देवाला कोर्टात उभं करायची भाषा बोलतो, माझा गुन्हा दाखव म्हणून हट्ट धरतो. आणि अलीफज, बिल्दद, सोफर हे तिघे मित्र त्याला समजावतात की तुझंच काहीतरी चुकलं असणार.

त्या तिघांची बोलणी वाचताना मला माझी वाक्यं ऐकू आली. तिघेही धार्मिक आहेत. तिघेही देवाची बाजू घेत आहेत. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते, तोवर त्यांचं काही चुकलं नव्हतं. तोंड उघडलं तिथून चुकलं. आणि शेवटी, बेचाळिसाव्या अध्यायात, देव रागावतो तो या तिघांवर. माझ्याविषयी योग्य बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असा त्याचा निवाडा आहे. तोंडावर जाब विचारणाऱ्याला देवानं आपला म्हटलं आणि आपली वकिली करणाऱ्यांना क्षमा मागायला लावली. हे मी इतकी वर्षं मुलांपासून लपवलं, कारण ते मलाच माहीत नव्हतं. वाचलेलं होतं, पण माहीत नव्हतं.

त्याच पुस्तकात मला एक नवा प्रश्न मिळाला आणि तो अजून तसाच आहे. शेवटी ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. मुलींची नावंसुद्धा दिली आहेत. पण पहिली दहा? ती तर घराखाली सापडून मेली होती. नवी दहा आली म्हणून आईबापाच्या हिशेबातून जुनी दहा उतरतात का? अक्काला दुसरा मुलगा आहे, सून आहे, नातू आहे. तिच्याकडं पाहिलं की मला उत्तर मिळतं, आणि ते शेवटच्या अध्यायाच्या आनंदाशी जुळत नाही.

मी तिच्याकडं गेले. माझं चुकलं म्हणाले, कुठं आणि कसं तेही सांगितलं. ती मला रागं भरली नाही. एवढंच म्हणाली, "मला त्याला विचारायचं होतं, तुला भीती वाटते का म्हणून. तेवढं राहिलं." अक्का आता नाताळला आणि पुनरुत्थानाच्या रविवारी उपासनेला येते, मागच्या बाकावर बसते आणि प्रभुभोजनाआधी उठून जाते. तिनं पुन्हा पुढच्या बाकावर यावं असं मी तिला म्हणत नाही.

दुसरी गोष्ट वर्गातली. संडे स्कूलमध्ये एक मुलगी होती, सातवी-आठवीची, चुणचुणीत. बायबल स्वतःहून वाचायची, आणि आम्ही शिकवत नाही ते आधी वाचायची. एका रविवारी अब्राहाम आणि इसहाकाचा पाठ चालू होता. देवानं ऐन वेळी अब्राहामाचा हात कसा थांबवला हे मी रंगवून सांगत होते. ती उठली आणि म्हणाली, "बाई, इसहाकाला वाचवलं, मग इफ्ताहाच्या मुलीला का नाही वाचवलं? ती मुलगी होती म्हणून?"

शास्ते या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात ही कथा आहे. लढाई जिंकून परतल्यावर घराच्या दारातून जे कोणी सामोरं येईल ते होमात अर्पण करीन असा नवस इफ्ताह बोलतो, आणि त्याची एकुलती एक मुलगी डफ वाजवत, नाचत त्याला सामोरी येते. तिथं कुणाचा हात थांबत नाही. आमच्या पाठ्यक्रमात ही कथा नव्हती. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी ती ऐकलेलीसुद्धा नव्हती. सगळी माझ्या तोंडाकडं बघायला लागली.

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, "शास्त्रावर शंका घ्यायची नसते. अशा शंका कोण घालतो माहीत आहे ना?" आणि तेवढ्यावर न थांबता उपासना सुटल्यावर तिच्या आईला बाजूला घेऊन सांगितलं की मुलीकडं लक्ष द्या, तिच्या मनात काहीतरी शिरतंय. त्या दिवशी घरी तिला मार बसला, हे मला पुढं समजलं. ती मुलगी दृढीकरणाच्या वर्गाला आली नाही. आता ती मोठ्या शहरात वकील आहे आणि देव मानत नाही.

तिचा प्रश्न मी पुढं स्वतःला विचारला, तेव्हा त्या अध्यायात काही गोष्टी दिसल्या. देवानं तो नवस मागितलेला नाही. बापानं तो आपणहून केला, आणि मोडता येत नाही असंही त्यानंच ठरवलं. मुलगी दोन महिन्यांची मुदत मागून मैत्रिणींबरोबर डोंगरात जाते. आणि पुढं इस्राएलातल्या मुली वर्षातले चार दिवस तिच्यासाठी शोक करायला जातात अशी तिथं नोंद आहे. म्हणजे त्या काळच्या बायकांनी ही गोष्ट पचवून टाकली नव्हती. दरवर्षी त्या तिची आठवण काढत होत्या. हे त्या मुलीला सांगता आलं असतं. त्यानं तिचा प्रश्न सुटला नसता. देव गप्प का राहिला हे मला आजही सांगता येत नाही. पण तिला निदान एवढं कळलं असतं की हा प्रश्न विचारणारी ती पहिली नाही, आणि तिच्या आधीच्यांची नोंद शास्त्रानंच ठेवली आहे.

यहोशवाच्या पुस्तकातलं यरीहो आणि शमुवेलातलं अमालेक यांच्याबद्दलही असंच. तान्ह्या बाळांनासुद्धा मारायची आज्ञा तिथं देवाच्या नावावर लिहिलेली आहे. यरीहोचा तट कोसळतो इथपर्यंतच आम्ही शिकवतो, मुलांकडून टाळ्या वाजवून घेतो आणि पुढचं पान उलटतो. ज्या येशूनं लेकरांना जवळ घेतलं त्याच्या पित्याची ही आज्ञा असेल, हे मी आता मान्य करत नाही. माणसांनी आपली लढाई देवाच्या खात्यावर मांडली असं मी समजते. आमचे पाळकसाहेब या बाबतीत माझ्याशी सहमत नाहीत, आणि ते मला तसं स्पष्ट सांगतात, याचा मला आनंद आहे.

शास्त्रात काना-मात्रेचा फरक नाही असंही मी शिकवत असे. यहूदा इस्कार्योतानं गळफास घेतला असं मत्तय सांगतो. प्रेषितांच्या कृत्यांत तो शेतात पालथा पडून त्याचं पोट फुटतं. मुलांनी विचारलं तर माझं उत्तर तयार असायचं की दोर तुटला. ते उत्तर कुठल्याच शुभवर्तमानात नाही. मार्काच्या शेवटाबद्दल मला उशिरा कळलं. कोडेक्स सिनाईटिकस आणि कोडेक्स व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या, सर्वांत जुन्या म्हणून मानल्या जाणाऱ्या हस्तलिखितांत मार्क सोळाव्या अध्यायाच्या आठव्या ओवीवर संपतो. कबर रिकामी पाहून स्त्रिया थरथरत पळून जातात आणि भीतीमुळं कुणालाही काही सांगत नाहीत. पुढच्या ओव्या नंतरच्या. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कपाटात घातलं आणि बरेच दिवस त्याला हात लावला नाही. मला धक्का बसला, कारण मी विश्वासाचा पत्त्यांचा बंगला करून ठेवला होता आणि मुलांनाही तसाच करायला शिकवलं होतं. एक पान हललं की सगळं खाली. माझे कॉलेजात गेलेले विद्यार्थी यातलं काही वाचून एका झटक्यात सगळं सोडून देतात, त्याचं खापर आम्ही कॉलेजवर फोडतो. ते शिक्षण आम्हीच दिलेलं असतं.

पुस्तक मी पुन्हा उघडलं ते पंडिता रमाबाईंमुळं. आमच्याकडं रमाबाई म्हणजे केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून आणलेल्या मुली, आणि मराठी बायबल. त्यांचा फोटो आमच्या संडे स्कूलच्या भिंतीवर होता. पण त्यांची पत्रं कुणी आम्हाला दाखवली नव्हती. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं ती १९७७ साली इंग्रजीत छापली. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्या पंचविशीत होत्या. आई, वडील, बहीण दुष्काळात गेलेली, मग भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत नवरा गेला, कडेवर लहानगी लेक मनोरमा. ज्या मठानं त्यांना आसरा दिला होता तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. आणि या धर्ममातेशी रमाबाई बाप्तिस्म्यानंतर पत्रांतून वाद घालतात. त्रैक्य म्हणजे काय ते मला पटवून द्या. येशूच्या कुमारीपोटी जन्माबद्दल मला शंका आहे. ब्राह्मण पुरोहितांचं जू मानेवरून काढून टाकलं ते दुसऱ्या पुरोहितांचं जू घ्यायला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, आमच्या संस्कृतनं काय घोडं मारलं? या सगळ्याचा त्यांच्या शब्दांत नव्हे तर माझ्या शब्दांत मी सारांश देते आहे, पण आशय हाच.

जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला. चेल्टनहॅमच्या ज्या कॉलेजात रमाबाई शिकत होत्या तिथल्या मुख्याध्यापिका डॉरोथिया बील यांनी मात्र त्यांच्याशी बरोबरीनं चर्चा केली, वाट पाहिली. पत्रं वाचताना त्यांतली रमाबाई मी होते असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मी जेराल्डिन होते. तीच काळजी, तोच धाक, समोरच्याच्या शंकेत स्वतःचा अपमान पाहण्याची तीच सवय. ती बाई दुष्ट नव्हती. तिचा रमाबाईंवर फार जीव होता.

आणि रमाबाई पुढं काय करतात? ज्या ग्रंथावर त्यांना प्रश्न होते त्याच्या मुळाशी जायला त्या हिब्रू आणि ग्रीक शिकतात, अनाथ आणि विधवा मुलींचा सगळा पसारा सांभाळत आख्ख्या बायबलचं साध्या मराठीत भाषांतर करतात, आणि मुक्तीतल्या बायका ते छापखान्यात जुळवतात. १९२१ साली मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि ते बायबल १९२४ साली बाहेर आलं. आमच्या मंडळीत हे फळ दाखवतात आणि मूळ झाकून ठेवतात. लक्ष्मीबाई टिळकांचंही तसंच. त्यांचे पती ना. वा. टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यामागं उडी मारली नाही. पाचेक वर्षं त्या स्वतःच्या मनाशी भांडल्या, आणि ते सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'त उघड लिहून ठेवलं. आमच्याच जिल्ह्याच्या मातीतलं हे पुस्तक आहे. ते घराघरात आहे, आणि तरी आमच्या मुलींनी घरात शंका काढली तर आम्ही त्यांना गप्प करतो.

आता जातीचं. हा प्रश्न मी कुणाचा दाबला नाही, कारण तो कुणी विचारतच नाही.

आमच्या पूर्वजांनी ख्रिस्ती धर्म घेतला तो १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या मागच्या-पुढच्या काळात. आम्ही मूळचे महार. घरात सांगत असत की पणजोबांना प्रार्थनेत प्रकाश दिसला. गावात मात्र आम्हाला पोटासाठी बाटलेले म्हणत, आणि मी लहानपणी त्यावरून मुलींशी मारामाऱ्या केल्या आहेत. आता वाटतं, प्रकाशही दिसला असेल आणि भूकही असेल. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याला कुणीतरी पंक्तीला बसवलं, पोराला पाटी दिली, तर त्यात देव दिसणं यात कमीपणा कसला? येशूनंही रानात लोकांना भाकरी दिली होती. पणजोबांच्या भुकेची लाज वाटून मी ती गोष्ट लपवत आले, ही माझी चूक.

त्याहून मोठी पुढची. माझ्या पुतण्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगी नर्स, घरची माणसं प्रार्थनाशील, दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. बोलता बोलता मी तिच्या आजोळचं गाव काढून घेतलं, मग आडनाव, आणि ओळखलं की ती मंडळी मूळची मांग. दीर-जाऊ माझा सल्ला मानतात. मी म्हणाले, "मी प्रार्थना केली, पण शांती मिळत नाही." आमच्याकडं स्थळ मोडायला हे वाक्य पुरतं, त्यावर कुणी पुढं विचारत नाही. मी प्रार्थना केलीच नव्हती. दोन पोरांचं लग्न मी जातीसाठी मोडलं आणि त्यावर देवाची सही केली. दहा आज्ञांमधली देवाचं नाव व्यर्थ घेऊ नये ही आज्ञा मी मुलांना शिकवते, तेव्हा शपथा घेऊ नका एवढाच तिचा अर्थ सांगत होते.

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा नाही. शिखांना तो १९५६ साली आणि बौद्धांना १९९० साली मिळाला, आमचा प्रश्न अजून लोंबकळतो आहे. आम्ही मोर्चे काढतो, निवेदनं देतो, धर्म बदलला तरी जात सुटत नाही असं सरकारला पटवून सांगतो. ते खरंच आहे. त्याचा पुरावा मीही आहे.

मग आज मी काय मानते? येशू उठला हे मानते. त्याच्याशिवाय मला जगता येणार नाही, हे मी सवयीनं म्हणत नाही. अक्काचा मुलगा का गेला हे मला माहीत नाही, आणि देवानं काही शिकवण्यासाठी त्याला नेलं असं कुणी म्हटलं तर मी आता तिथल्या तिथं विरोध करते. लूकाच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचा उल्लेख आहे. ती इतरांहून जास्त पापी होती का, या प्रश्नाला येशू स्वतः नाही म्हणतो. हे वचन मला पाठ होतं तेव्हाही मी अक्काला विश्वास उणा पडल्याचं बोलले. शेजारच्या माळकरी वहिनींनी माझ्या टायफॉइडमध्ये महिनाभर मला भाकरी-पेज पुरवली. त्या गेल्या. त्यांच्या दशक्रियेला उभी असताना, येशूचं नाव न घेता मेलेल्यांचं काय होतं याबद्दल मी वर्गात जे शिकवत होते ते मला मनातल्या मनातही म्हणवेना. टिळक स्वतः तुकारामांच्या वाटेनं ख्रिस्ताकडं आल्याचं सांगत, मग ती वाट दुसऱ्या टोकाला बंद कशी असेल? मी तो पाठ आता शिकवत नाही. पाळकसाहेबांना कारण सांगून थांबवला आहे.

शुभ शुक्रवारी आमच्याकडं वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. चौथा, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?', कुणी मागून घेत नाही, कारण तो प्रश्न आहे, आणि चारही शुभवर्तमानांत त्याला उत्तर आल्याचं लिहिलेलं नाही. पूर्वी मी त्यावर बोलताना उत्तर देऊन मोकळी होत असे. यंदा मी तो उद्गार वाचला, अक्काच्या मुलाबद्दल तिची परवानगी घेऊन सांगितलं, आणि खाली बसले. काही जणांना ते आवडलं नाही. एक म्हातारे गृहस्थ बाहेर येऊन माझ्याजवळ बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी त्यांच्या मुलीचं सांगितलं.

माझी संडे स्कूलच्या शिक्षकांना आणि पाळकांना विनंती आहे. मयताच्या घरी जाल तेव्हा प्रभूची इच्छा म्हणू नका, विश्वासाची मोजणी करू नका; त्या तिघा मित्रांनी पहिले सात दिवस जे केलं तेवढं करा. आजाऱ्याला मरणाबद्दल बोलायचं असेल तर त्याला बोलू द्या. आणि येत्या लेंटमध्ये मंडळीत ईयोबाचं पुस्तक मोठ्यानं वाचा, मुलांना समोर बसवून, मधलं काही न गाळता. अध्याय बेचाळीस आहेत. रविवार धरून रोज एक वाचला तर पुनरुत्थानाच्या सणाआधी पुरं होतं.